नुकसान आपले, मोजपट्टी कंपनीची!

विमा म्हटला की आपल्या वस्तीत अजूनही एलआयसीचा एजंटच डोळ्यांसमोर येतो. माणूस गेला तर मागे राहणाऱ्यांना चार पैसे मिळतील, एवढाच विम्याचा अर्थ आपल्या मागच्या पिढीला ठाऊक होता. त्यांच्याकडे विमा उतरवावा अशी मालमत्ता होतीच कुठे? गावकुसाबाहेरच्या झोपडीचा कोण विमा उतरवणार? आज परिस्थिती थोडी पालटली आहे. आपला तरुण कर्ज काढून वर्कशॉप टाकतो, दुकान थाटतो, शहरात छोटेसे का होईना घर घेतो. या मालमत्तेबरोबर विमाही आला, पण तो बँकेच्या दारातून आला. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक फॉर्म असतो, त्यावर सही होते, हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो आणि पॉलिसी बँकेच्या फायलीत पडून राहते. तिच्यात काय लिहिले आहे ते आपण वाचत नाही. वाचायची वेळ येते ती सगळे वाहून गेल्यावर किंवा जळून गेल्यावर. आणि त्या वेळी आपल्यापुढे उभा राहतो तो कंपनीने पाठवलेला, नुकसान मोजणारा माणूस.

या मोजणाऱ्या माणसाविषयी आज लिहायचे आहे.

सांगलीला आमचे एक स्नेही आहेत. वडील हळदीच्या पेठेत हमाल होते. मुलाने शिवणकाम शिकून मुद्रा कर्जातून सहा मशीन घेतल्या आणि शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना काढला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि आमच्या स्नेह्यांच्या कारखान्यात चार दिवस छातीइतके पाणी उभे राहिले. मशीनच्या मोटारी गेल्या, कापडाचे तागे चिखलात कुजले. सहा लाखांचा विमा होता. स्वतःच्या मालाचे आणि मशीनचे नुकसान त्यांनी चार लाख रुपये लिहून दिले. कंपनीचा सर्व्हेअर आला, अर्धा तास थांबला, फोटो काढले, बिले मागितली आणि गेला. जानेवारी २०२० मध्ये हातात पडले १ लाख ६४ हजार रुपये.

चार लाखांचे १ लाख ६४ हजार कसे झाले? हा हिशेब प्रत्येक वाचकाने नीट समजून घ्यावा, कारण उद्या तो त्याच्यावरही येऊ शकतो. आधी मशीनचा घसारा आणि बिले न सापडलेले कापड मिळून ९० हजार वजा झाले. राहिले ३ लाख १० हजार. भिजलेल्या मालाचे भंगार विकून २० हजार येतील असे धरून तेही वजा झाले. राहिले २ लाख ९० हजार. मग आले 'कमी विम्याचे' कलम. सर्व्हेअरने लिहिले की, पुराच्या दिवशी कारखान्यात एकूण दहा लाखांचा ऐवज होता आणि विमा मात्र सहाच लाखांचा. म्हणजे दहापैकी चार हिश्शांची जोखीम विमेदाराने स्वतःच्या अंगावर घेतली होती, म्हणून नुकसानीच्या दहापैकी सहाच हिस्से मिळतील. झाले १ लाख ७४ हजार. त्यातून पॉलिसीप्रमाणे विमेदाराने स्वतः सोसायचे दहा हजार गेले. उरले १ लाख ६४ हजार. पुढे एक छापील कागद आला, 'पूर्ण व अंतिम समाधानाने रक्कम मिळाली' असा. सावकाराचे व्याज दारात उभे होते. स्नेह्यांनी सही केली. "ते म्हणाले सही करा, मी केली. मला वाटलं, सरकारी हिशेब आहे, बरोबरच असणार," असे ते आम्हाला सांगत होते.

हिशेब बरोबर नव्हता. दहा लाखांच्या त्या ऐवजात अडीच लाखांचे कापड आमच्या स्नेह्यांचे नव्हतेच. ते एका व्यापाऱ्याने शिवायला दिलेले होते. दुसऱ्याच्या मालाचा विमा या पॉलिसीत नव्हता, म्हणून त्याची भरपाई धरली नाही, हे ठीक. पण मग 'विमा कमी होता' हे ठरवताना तेच कापड एकूण किमतीत का धरले? नुकसानीच्या रकान्यात जे आपले नाही, ते किमतीच्या रकान्यात आपले कसे झाले? ते वगळले असते तर ऐवज साडेसात लाखांचा ठरला असता, दहापैकी आठ हिस्से मिळाले असते आणि पाच टक्के वजा जाऊनही २ लाख २० हजार ४०० रुपये हाती आले असते. एका रकान्याने ५६ हजार ४०० रुपये खाल्ले. एवढ्यात दोन-तीन चांगल्या मशीन आल्या असत्या.

ही चूक कोणी काढली? सरकारी विमा कंपनीत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्याच वस्तीत तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या आणि दर पौर्णिमेला त्याच विहारात वंदनेला बसणाऱ्या आपल्याच एका अधिकाऱ्याने. २०२३ साली सहज विषय निघाला, कागद पाहिले आणि दहा मिनिटांत त्यांनी बोट ठेवले. "अहो, मला तेव्हाच का नाही दाखवलंत?" एवढेच ते म्हणाले. तोवर तीन वर्षे उलटून गेली होती.

सर्व्हेअर लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. कदाचित घाईत झाले असेल. पुरानंतर एकेका सर्व्हेअरच्या गळ्यात कितीतरी दावे पडतात. मुद्दा व्यक्तीच्या प्रामाणिकपणाचा नाही, व्यवस्थेचा आहे. आपल्याकडे सर्व्हेअरला परवाना विमा नियामक देतो आणि त्याने निःपक्ष असावे असे नियम सांगतात. पण व्यवहारात त्याला बोलावते कंपनी, काम देते कंपनी, फी देते कंपनी. उद्या पुन्हा काम मिळावे म्हणून तो कोणाच्या तोंडाकडे पाहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या खोलीत कंपनीचा जाणकार माणूस असतो आणि समोर असतो चिखलात उभा असलेला, चार रात्री न झोपलेला, पॉलिसी कधी न वाचलेला विमेदार. ही बरोबरीची लढत आहे काय?

हाच प्रश्न अमेरिकेत फार पूर्वी विचारला गेला आणि त्यातून तिकडे एक व्यवसायच उभा राहिला. त्याला 'पब्लिक अ‍ॅडजस्टर' म्हणतात. तिकडे नुकसान मोजणाऱ्यांचे तीन प्रकार आहेत. पहिला कंपनीचा पगारी नोकर. दुसरा 'स्वतंत्र' अ‍ॅडजस्टर. नाव स्वतंत्र, पण तोही कंपन्यांकडूनच काम आणि पैसे घेतो. तिसरा पब्लिक अ‍ॅडजस्टर. हा विमेदाराने नेमायचा, विमेदाराच्या बाजूने नुकसान मोजायचे, पॉलिसीतील कलमे काढायची आणि कंपनीशी बोलणी करायची. बहुतेक राज्यांत त्याला सरकारी परवाना लागतो. १९५१ पासून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे. फी बहुधा मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीत असते.

याचा उपयोग होतो का? फ्लोरिडाच्या विधिमंडळाच्या संशोधन कार्यालयाने २०१० साली तिथल्या सरकारी विमा कंपनीचे दावे तपासले. २००५ च्या चक्रीवादळांच्या दाव्यांत ज्यांनी पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमला होता त्यांना साधारणपणे १७,१८७ डॉलर मिळाले, ज्यांनी नेमला नव्हता त्यांना २,०२९ डॉलर. एवढ्यावर हुरळून जायचे कारण नाही. ज्यांचे नुकसान मोठे तेच बहुधा माणूस नेमतात, त्यामुळे सगळा फरक त्या माणसाचा नव्हे. तरीही आपल्या बाजूने मोजणारा कोणी असला की आकडा बदलतो, हे नाकारता येत नाही.

या व्यवसायातही लांडगे शिरले. वादळ ओसरले न ओसरले तोच दारोदार फिरून घाबरलेल्या माणसाच्या सह्या घेणारे निर्माण झाले. म्हणून कायद्याने त्यांना वेसण घातली. फ्लोरिडात रविवारी आणि रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत गिऱ्हाईक शोधत फिरायला मनाई आहे. फीला एरवी वीस टक्के आणि आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीच्या दाव्यांत दहा टक्के अशी मर्यादा आहे. टेक्सासात मर्यादा दहा टक्के, आणि ज्याने दावा मांडला त्यानेच घरदुरुस्तीचे कंत्राट घ्यायचे नाही. लुईझियानात तर टक्केवारीवर काम करायलाच बंदी. म्हणजे विमेदाराला आपला माणूस हवा हे मान्य, पण तो माणूसच विमेदाराला लुटणार नाही याचीही तजवीज.

त्याच लुईझियानातली दुसरी एक गोष्ट आपल्या वाचकांना लगेच कळेल. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. पुढे घरे उभारण्यासाठी 'रोड होम' नावाची सरकारी योजना आली. अनुदान ठरवताना वादळापूर्वीची घराची बाजारभावाने किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतील जी रक्कम कमी ती धरायची, असा नियम केला गेला. वरवर पाहता नियम सर्वांना सारखा. पण काळ्या लोकांच्या वस्तीतील घराला बाजारात भावच कमी. तेवढेच घर, तेवढ्याच विटा, तेवढेच नुकसान. पण वस्ती काळ्यांची म्हणून अनुदान कमी! काळ्या घरमालकांनी आणि समान निवासहक्कासाठी झगडणाऱ्या संस्थांनी २००८ साली दावा लावला. २०११ साली तडजोड झाली आणि हजारांहून अधिक कुटुंबांना देण्यासाठी ६ कोटी २० लाख डॉलर काढावे लागले. मोजपट्टी निर्जीव असते, पण ती कोठून धरायची हे ठरवणारा माणूस निर्जीव नसतो. आपल्या वस्तीतल्या घराची 'बाजारभावाने किंमत' कोण, कशी लावतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावे हे ठासून मांडले. आमचे दुःख दुसऱ्याने मोजायचे आणि आम्ही मान डोलवायची, हे त्यांना मान्य नव्हते. विम्याविषयी तर त्यांनी थेट लिहून ठेवले आहे. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा हा राज्याच्या मक्तेदारीत असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी कलमेच त्यांनी घातली होती. विमा ही नफ्याची नव्हे, सुरक्षेची गोष्ट आहे ही त्यामागची दृष्टी. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७३ पासून सर्वसाधारण विमा चार सरकारी कंपन्यांकडे आला. १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. आता बाजार मोठा झाला, जाहिराती रंगीत झाल्या, पण दाव्याच्या टेबलावर विमेदार एकटाच राहिला.

आपल्याकडे पब्लिक अ‍ॅडजस्टरसारखा परवानाधारक व्यवसाय उभा राहिलेला नाही. मग करायचे काय? हातावर हात धरून बसायचे? मुळीच नाही. कायद्याने जी हत्यारे दिली आहेत ती आधी ओळखली पाहिजेत.

पहिली गोष्ट, सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो शेवटचा शब्द नसून सबळ कारण असेल तर बाजूला ठेवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सांगितले आहे. म्हणून अहवालाची प्रत लेखी मागा. ती मिळाल्याशिवाय कोणता रकाना चुकला हे कळणारच नाही.

दुसरी गोष्ट, 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही झाली म्हणून सगळे दरवाजे बंद होत नाहीत. अशा सहीमुळे अधिक भरपाईसाठी दाद मागण्याचा विमेदाराचा हक्क जात नाही, असे विमा नियामकाने २०१५ साली कंपन्यांना परिपत्रक काढून बजावले आहे. तरीही सही करताना 'हरकत राखून' हे दोन शब्द स्वतःच्या अक्षरात लिहावेत. आमच्या स्नेह्यांना हे कोणी सांगितले असते तर!

तिसरी गोष्ट, वेळ. नियामकाने २०२४ साली मुदती घट्ट केल्या: दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, १५ दिवसांत अहवाल घ्यायचा, अहवालानंतर सात दिवसांत निर्णय द्यायचा. कंपनी टोलवत असेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे एक पैसा फी नाही, वकील चालत नाही, स्वतःच बोलायचे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा तो देऊ शकतो. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत गेले पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा दोन वर्षे उघडा असतो. २०१९ च्या कायद्याने तिथली फी दाव्याच्या नव्हे, भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर ठरते, आणि हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फीच नाही.

चौथी गोष्ट, पुरावा. पाणी ओसरले की आपण पहिल्यांदा घाण काढतो, कुजलेला माल उकिरड्यावर टाकतो. थांबा! सर्व्हेअरने पाहेपर्यंत माल टाकू नका. तोवर नुकसान वाढणार नाही एवढी काळजी घ्या. तारखेसह फोटो काढा. वस्तू, नग, किंमत अशी यादी करा. पूर असेल तर तलाठ्याचा पंचनामा, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, दंगल असेल तर पोलिसांकडची नोंद. बँकेला दिलेल्या मालाच्या तक्त्यातला आकडा आणि दाव्यातला आकडा जुळतो का ते पाहा. कंपनी हाच धागा प्रथम ओढते. आणि दुसऱ्याचा माल आपल्याकडे असेल तर त्याची वेगळी वही ठेवा.

पाचवी गोष्ट सगळ्यांच्या आधीची. आज, या घडीला बँकेत जा आणि आपली पॉलिसी मागा. पत्ता बरोबर आहे का? पूर आणि दंगल धरली आहे की हप्ता वाचवायला कोणी वगळली आहे? विम्याची रक्कम आजच्या किमतीला पुरते का? एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या एकसारख्या पॉलिसी देणे बंधनकारक झाले. घराच्या पॉलिसीत कमी विम्याचे कलम लावता येत नाही, सूक्ष्म उद्योगाच्या पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. या पॉलिसी आपल्या हिताच्या आहेत, पण त्या आपल्या फायलीत आहेत का?

एक इशाराही द्यायला हवा. "तुमचा क्लेम काढून देतो, मिळेल त्यातले पंचवीस टक्के द्या" म्हणणारे आपल्याकडेही फिरतात. ना परवाना, ना फीला मर्यादा, ना कोणाला जाब. नुकसान फुगवून खोटी बिले जोडली की संपूर्ण दावाच फेटाळला जातो, आणि गुन्हा दाखल झाला तर हा दलाल नव्हे, आपला माणूस आत जातो. कोऱ्या कागदावर सही कोणालाही देऊ नका. खरे नुकसान खरेपणाने मांडले तरी ते पुरेसे असते. फक्त ते नीट मांडणारा हवा.

तो मांडणारा कोठून आणायचा, याचे उत्तर सांगलीच्या त्या तीन गल्ल्यांत आहे. चार सरकारी विमा कंपन्यांत राखीव जागांवर लागलेली आपली एक अख्खी पिढी आता निवृत्त होऊन घरी बसली आहे. त्यांनी अशा कितीतरी फायली कंपनीच्या बाजूने तपासल्या आहेत. कोणत्या रकान्यात काय लपते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. ज्या समाजाच्या चळवळीमुळे त्या खुर्च्या मिळाल्या, त्या समाजासाठी महिन्यातून दोन रविवार देणे जड आहे काय? जोडीला एखादा अकाउंटंट, एखादा इंजिनिअर, एखादा वकील असावा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विहारात एक टेबल, दोन खुर्च्या आणि 'विमा दावा मदत' अशी पाटी, एवढ्यावर काम सुरू होते. टक्केवारी नको, फी नको. पावसाळ्यापूर्वी पॉलिसी वाचून द्यायच्या आणि आपत्तीनंतर अहवाल तपासायचा.

आम्ही सांगलीच्या त्या निवृत्त अधिकाऱ्यांना हे विचारले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मला कोणी विचारलंच नव्हतं हो." चूक त्यांची एकट्याची नाही. आपण जयंतीची वर्गणी मागायला त्यांच्या दारात दरवर्षी गेलो, त्यांचे ज्ञान मागायला एकदाही गेलो नाही. आता जाऊ या. पुढचा पूर आपली वाट पाहत थांबणार नाही.